वाटाण्याचा वेल आणि काचेची भट्टी

लोणावळा आणि त्याला लागून असलेले कुसगाव ही गावे मागे पडली की पुण्याकडे जाणारी आगगाडी मावळच्या भातखाचरांतून धावू लागते. प्रथम मळवलीचे स्थानक लागते; तेथून लोहगड आणि विसापूर हे दोन्ही किल्ले दिसतात. मग कामशेत, कान्हे, वडगाव आणि त्यानंतर तळेगाव. हा मुलूख भाताचा आणि पावसाचा. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी येथे शेतीखेरीज दुसरेही उद्योग मूळ धरू लागले होते. मळवलीस राजा रविवर्मा यांच्या चित्रांचा शिळाछापखाना होता. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरच्या भिंतींवर लागत. तळेगावास १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०६ मध्ये, लोणावळ्यास एका छत्तीस वर्षांच्या गृहस्थाने सरकारी नोकरी सोडून ठसे कोरण्याचा आणि छपाईचा एक लहानसा कारखाना थाटला. या गृहस्थाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळके हे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे राजा हरिश्चंद्र येतो, लंकेला आग लावणारा मारुती येतो, कालियाच्या फणांवर नाचणारा बाळकृष्ण येतो. ते योग्यच आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून सारा देश त्यांना ओळखतो. परंतु या देवादिकांच्या आधी त्यांच्या कॅमेऱ्यासमोर येऊन बसला तो एक वाटाण्याचा दाणा. आणि पुढे देवादिकांच्या जोडीने आले ते काचेच्या भट्टीवर राबणारे कामगार. या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांची आठवण फारशी कोणी काढीत नाही. दादासाहेबांचे चरित्र मात्र त्यांवाचून पुरे होत नाही.

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी दिनांक ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गोविंद सदाशिव, ज्यांना लोक दाजीशास्त्री म्हणत, हे संस्कृतचे पंडित होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईस आले. शास्त्रीबुवांचा मुलगा शास्त्रीच व्हावयाचा, अशी तेव्हाची रीत. धुंडिराजाचे चित्त मात्र रंगांत आणि रेषांत गुंतलेले. १८८५ साली त्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव घातले. तेथील एका वर्षाचा चित्रकलेचा अभ्यास पुरा करून तो वडीलबंधूंबरोबर बडोद्यास गेला. बडोद्याच्या कलाभवनात त्याला मनासारखे वातावरण मिळाले. तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, वास्तुकला, जे जे शिकावयास मिळेल ते ते त्याने शिकून घेतले. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी छायाचित्रणाची खोली आणि प्रयोगशाळा त्याला वापरू दिली. याच काळात त्याने स्वतःचा कॅमेरा घेतला. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून त्याने सुवर्णपदक मिळविले. यानंतर तीन रंगांत ठसे कसे करावेत हे शिकण्यासाठी तो रतलामलाही जाऊन आला.

विद्या पुष्कळ झाली. पोट मात्र कोणत्याच विद्येने नीट भरेना. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकाराचे दुकान काढले. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेली. या आघातानंतर ते बडोद्यास परतले. काही काळ त्यांनी नाटकांचे पडदे रंगविले. जादूचे प्रयोगही शिकले. आपल्या आडनावाची अक्षरे उलट करून ते प्रोफेसर केल्फा या नावाने रंगमंचावर उभे राहत. पाहणाऱ्याची नजर कोठे जाते आणि कोठे जात नाही, हे जादूगाराइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार! ही विद्या त्यांना पुढे फार उपयोगी पडली. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर या सासरी सरस्वतीबाई झाल्या. पुढे सर्वजण त्यांना काकी म्हणत.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून फाळक्यांना नोकरी लागली. जुन्या वास्तू आणि शिल्पे यांची अचूक चित्रे काढणे हे ते काम होते. नोकरी स्थिर होती, सरकारी होती. पण तो काळ स्वदेशीच्या चळवळीचा होता. परदेशी सरकारची चाकरी त्यांच्या मनाला रुचेना. १९०६ साली त्यांनी ती सोडली आणि भागीदारीत लोणावळ्यास आपला छापखाना घातला.

या छापखान्यात रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी पुष्कळसे काम होई. रंगीत चित्राची शिळाछाप हे मोठे किचकट प्रकरण असते. एकाच चित्रासाठी तांबड्या रंगाचा दगड वेगळा, पिवळ्याचा वेगळा, निळ्याचा वेगळा. प्रत्येक दगडावर चित्राचा तेवढाच भाग उतरवावयाचा आणि मग एकाच कागदावर ते सारे दगड एकामागून एक उमटवावयाचे. एखादा दगड केसभर सरकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर जातात. पूर्ण चित्र पाहून त्याचे मनातल्या मनात तुकडे करावयाचे आणि ते तुकडे पुन्हा बिनचूक जोडावयाचे, याचे शिक्षण फाळक्यांच्या डोळ्यांना येथे मिळाले. पुढे छापखाना दादरला गेला, भागीदार बदलले, नाव बदलून लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे झाले. नवी यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले. काम नावारूपास आले असताना भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके तेथून बाहेर पडले. निघताना त्यांच्या हाती काहीच पडले नाही. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

अशा दिवसांत, १९११ च्या एप्रिल महिन्यात, ते आपल्या थोरल्या मुलाला घेऊन गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात गेले. तेथे पडद्यावर हलणारी जनावरे दिसली. दुसऱ्या दिवशी ते सर्व कुटुंबाला घेऊन गेले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट चालू होता. ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. आपल्या लोकांना आपली चित्रे अशी हलती-चालती दिसावीत, या विचाराने त्यांना झोप येईना.

हलती चित्रे तेव्हा जगाला फार जुनी नव्हती. १८९५ साली फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंनी जी अगदी पहिली चित्रे दाखविली, त्यांतील एक त्यांच्या स्वतःच्या कारखान्याचे होते. कारखान्याचे दार उघडते आणि काम संपवून स्त्री-पुरुष बाहेर पडतात, चित्रात एवढेच. तरी ते पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली. दिनांक ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर यांची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखविण्यात आली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर या मराठी छायाचित्रकाराने परदेशाहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती चित्रित केली. तेव्हा डोळ्यांसमोर घडते ते टिपून ठेवणे हेच हलत्या चित्राचे पहिले काम होते. कथा मागाहून आली.

फाळक्यांनी सुमारे वर्षभर दुसरे काहीच केले नाही. मिळेल तो चित्रपट पाहावयाचा, घरी आणलेल्या खेळण्यातल्या यंत्रावर मेणबत्ती आणि भिंग लावून फितीचे तुकडे भिंतीवर पाडावयाचे, पुन्हा पुन्हा पाहावयाचे, आणि ते कसे केले असेल याचा विचार करावयाचा, असा त्यांचा क्रम होता. रोज चार-पाच तास असे पाहणे, झोप नाही, काळजी मात्र अखंड. याचा परिणाम डोळ्यांवर झाला. एके दिवशी त्यांना दिसेनासेच झाले. ज्याचे सारे आयुष्य डोळ्यांवर अवलंबून, त्याच्यावर याहून मोठे संकट कोणते येणार? नेत्रवैद्याने नेट लावून उपचार केले. तीन-चार चष्मे आलटून पालटून वापरता वापरता हळूहळू दृष्टी परत आली. ती आली तशी फाळक्यांनी पुन्हा फिती हातात घेतल्या! नातेवाइकांपैकी काहींना त्यांचे डोके ठिकाणावर नाही असे वाटू लागले. सरस्वतीबाईंना तसे वाटले नाही.

हे शास्त्र शिकावयाचे तर विलायतेस जाणे भाग होते. फाळक्यांनी आपली बारा हजारांची विम्याची कागदपत्रे गहाण ठेवली आणि दहा हजार रुपये कर्ज काढले. १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते बोटीत बसले. लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी पाहून ते सरळ आत गेले आणि संपादकांना भेटले. कॅबोर्न नावाच्या त्या संपादकांनी आधी त्यांना या धंद्यातील धोके सांगून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण समोरचा मनुष्य हटत नाही असे पाहून हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत नेऊन सर्व काम दाखविण्याची व्यवस्था केली. दोन आठवड्यांत फाळक्यांनी पाहावयाचे ते पाहिले, पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म आणि तिच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र मागविण्याची सोय केली आणि १ एप्रिलला ते मुंबईस परत आले.

आता दादरच्या त्यांच्या बिऱ्हाडाचे रूप पालटले. एक खोली अंधारी झाली. फिल्म कोरी येई. तिच्या कडांना भोके घरीच पाडावी लागत. हे काम अंधारात, केवळ बोटांच्या अंदाजाने करावयाचे. ते सरस्वतीबाई शिकल्या. रसायने मिसळणे, फिल्म धुणे हेही त्या शिकल्या. यंत्रे चालतात याची खात्री झाली. परंतु चित्रपट काढण्यास पैसा हवा होता आणि पैसा देणाऱ्यांना खात्री हवी होती.

फाळक्यांनी यावर जी युक्ती काढली, ती मोठी विलक्षण होती. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा रोवला. कॅमेरा तसूभरही हलवावयाचा नाही. वाटाणा हळूहळू रुजणार. म्हणून चित्रेही हळूहळू, थोडी थोडी घ्यावयाची. आज काही चौकटी, उद्या काही चौकटी, असा क्रम महिनाभराहून अधिक दिवस चालला. त्या काळी एका सेकंदाच्या दृश्यास सुमारे सोळा चौकटी लागत, म्हणजे एका मिनिटाला जवळजवळ हजार. कुंडीपुढे बसून फाळके ही हजारभर चित्रे जमवीत होते. घरात मुलेबाळे, समोर कर्जाचा डोंगर, आणि घरचा कर्ता पुरुष रोज एका रोपट्याचे चित्र काढीत बसलेला! शेजाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

फीत तयार झाली ती मिनिटभराहून थोडी अधिक लांब. पडद्यावर माती फुटली, कोंब वर आला, त्याने मान सरळ केली, पाने उलगडली आणि वेल हात पसरून आधार शोधू लागला. ज्याला महिना लागतो ते पाहणाऱ्यांनी मिनिटभरात पाहिले. वाटाण्याचा वेल कोणी पाहिलेला नव्हता असे नाही. पण वाढताना तो कोणीच पाहिला नव्हता, कारण माणसाची नजर तेवढा वेळ एका ठिकाणी थांबत नाही. ही फीत पाहून छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांना धीर आला आणि कर्ज मिळाले. उरलेल्या रकमेसाठी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

'राजा हरिश्चंद्र' कसा तयार झाला ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. स्त्रीची भूमिका करावयास कोणी स्त्री मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरील एका खाणावळीत स्वयंपाकाचे काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. दिवसा उन्हाचा प्रकाश पात्रांवर पाडण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहत आणि रात्री फिल्मला भोके पाडीत. चित्रपटात काम करणे तेव्हा कमीपणाचे समजत. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते की, कोणी विचारलेच तर आपण हरिश्चंद्र नावाच्या माणसाच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगावे. हे सांगणे अगदीच खोटे होते असे म्हणवत नाही. ठरलेल्या वेळी यावे, नेमून दिलेले काम करावे, यंत्रांची निगा राखावी आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यावा, अशी शिस्त त्या घरात होतीच. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांनी सुमारे ३७०० फुटांचा चित्रपट पुरा झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. सुरतेस पहिल्या दिवशी केवळ तीन रुपये जमले, तेव्हा फाळक्यांनी अवघ्या तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहा, अशा अर्थाची जाहिरात दिली आणि गर्दी लोटली. त्याच वर्षी ते नाशिकला राहावयास गेले.

यापुढे त्यांनी पुराणकथांवरील चित्रपटांची माळच लावली. परंतु मुख्य चित्रपटाबरोबर लहान लहान फिती दाखविण्याची तेव्हा पद्धत होती, आणि या लहान फितींसाठी फाळके कॅमेरा घेऊन घराबाहेर पडत. गोदावरीचा प्रवाह, सिंहस्थाची जत्रा अशी दृश्ये त्यांनी टिपली. आगकाड्यांना एकेक चौकट हलवून त्यांची गंमतही त्यांनी पडद्यावर आणली. ती कुंडीतल्या वाटाण्याचीच पुढली पायरी होती. आणि अशाच फितींपैकी एक होती तळेगावच्या काच कारखान्याची.

हा कारखाना साधा नव्हता. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी एक कल्पना काढली होती. देशात नवे उद्योग उभारण्यास भांडवल हवे. ते सावकाराकडून न घेता गावोगावच्या लोकांकडून एकेक पैसा गोळा करून जमवावे. हाच पैसा फंड. काळे यांनी त्यासाठी अपार भ्रमंती केली. लोकमान्य टिळकांनी या कार्याला पाठिंबा दिला. जमलेल्या पैशांतून तळेगावास काचेची भट्टी पेटली. परदेशात जाऊन काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी ती चालविण्याचे काम अंगावर घेतले. काचेचीच निवड का झाली, हे आज चटकन ध्यानात येणार नाही. घरोघर तेव्हा रॉकेलचे कंदील असत. कंदिलाची काच तडकली की नवी आणावी लागे, आणि ती बहुधा परदेशी असे. औषधाच्या बाटल्या परदेशी, बांगड्याही परदेशी. वाळू मात्र आपल्या देशात हवी तेवढी! तळेगावास काच तयार होई आणि काच करणारे कारागीरही तयार होत. तेथे शिकून निघालेल्यांनी पुढे इतर ठिकाणी जाऊन हा धंदा वाढविला.

काचेच्या भट्टीवरचे काम पाहण्यासारखे असते. वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण भट्टीत घालतात. भट्टीचा ताप इतका की हे मिश्रण वितळून मधासारखे दाट होते. कारागीर एक लांब, पोकळ लोखंडी नळी आत घालतो आणि ती गरगर फिरवून टोकाला तापलेला गोळा उचलतो. मग नळी तोंडाला लावून फुंकर घालतो. गोळा फुगू लागतो. नळी फिरविणे थांबले तर गोळा एका अंगाला लोंबतो. फुंकर कमी पडली तर काच जाड राहते. जास्त झाली तर ती फुटते. हे सारे काही क्षणांत उरकावे लागते, कारण हवा लागताच काच घट्ट होऊ लागते. घडविलेली वस्तू एकदम गारही करावयाची नसते. तिला हळूहळू निववावे लागते, नाही तर ती आपोआप तडकते. पुढे नळीवर फुंकणारा, मागे ती वस्तू उचलून नेणारा पोऱ्या, शेजारी साचा धरणारा. सर्वांचे हात एका तालात चालतात आणि दिवसभर तेच काम पुन्हा पुन्हा होत राहते.

अशा ठिकाणी चित्रण करणे ही परीक्षाच होती. फाळके आपले चित्रण सूर्यप्रकाशात करीत; कारखान्यात छपराखाली अंधार आणि मधोमध डोळे दिपविणारी भट्टी. शिवाय त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग जवळजवळ उमटतच नसे. तो काळपट दिसे. म्हणूनच तर फिल्म धुण्याच्या खोलीत तांबडा दिवा लावता येई. आता भट्टीतून निघालेला लालबुंद गोळा, जो डोळ्यांना सर्वांत तेजस्वी दिसतो, तोच फिल्मवर फिका पडावयाचा! आणखी एक अडचण होती. तारामतीचे पाऊल चुकले तर साळुंक्यांना पुन्हा चालावयास सांगता येते. काचेचा गोळा एकदा गार झाला की झाला. कॅमेरा चुकला म्हणून कारागीर भट्टी थांबविणार नाही. तेव्हा कामाचा क्रम आधी नीट समजून घ्यावयाचा, कोणता क्षण केव्हा येतो हे जाणून उभे राहावयाचे आणि त्या क्षणी हाताने कॅमेऱ्याचा दांडा फिरवावयाचा, एवढेच चित्रकाराच्या हाती राहते. कुंडीतल्या वाटाण्यापुढे थांबून राहावे लागले होते. भट्टीपुढे थांबून भागत नाही.

लोणावळ्यास छापखाना असताना फाळके याच मुलखात राबले होते. रंगांच्या वासाचे, चाकांच्या आवाजाचे, रात्रपाळीच्या जाग्रणाचे दिवस त्यांनी स्वतः काढले होते. कामगार म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ज्या हजारो लोकांनी पैसा फंडाच्या पेटीत आपला पैसा टाकला, त्यांतील कितीजणांना तळेगावास येऊन भट्टी पाहता येणार होती? कोकणातला शेतकरी किंवा वऱ्हाडातला विणकर काही तिकीट काढून तळेगावास येणार नव्हता. चित्रपटाची पेटी मात्र आगगाडीत घालून कोठेही नेता येत होती. ज्या काळात पडद्यावर देव पाहून लोक हात जोडीत, त्या काळात त्याच पडद्यावर एका मराठी गावातले मजूर आपले रोजचे काम करताना दिसावेत, ही गोष्ट लहान नव्हे. अशा चित्रांना पुढे अनुबोधपट हे नाव मिळाले. जगात इतरत्रही या प्रकाराला स्वतंत्र नाव मिळाले ते १९२६ नंतर. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी संस्था निघाली आणि अनेक वर्षे देशातील चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी अनुबोधपट दाखविले जाऊ लागले.

फाळक्यांची लोकप्रियता मात्र देवादिकांच्या चित्रांवरच वाढली, हेही खरे आहे. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या कामाचे कौतुक झाले, तेथेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली. पण नाशिकला पगारासाठी वाट पाहणारी माणसे होती, म्हणून ते परतले. लगेच पहिले महायुद्ध सुरू झाले. फिल्मच्या किमती वाढल्या, पैसे देणारे मागे सरले आणि सरस्वतीबाईंचे दागिने पुन्हा घराबाहेर गेले. १९१७ च्या 'लंकादहना'ने दिवस पालटले. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' हे चित्रपट गाजले. 'कालियामर्दना'त त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी श्रीकृष्ण झाली होती. पुढे याही कंपनीत भागीदारांशी पटेना. सोडून जाणे, काशीस राहणे, परत येणे, असे होत गेले. १९३१ साली चित्रपट बोलू लागला आणि मूकपटांचे दिवस संपले. 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट १९३७ साली कोल्हापुरात तयार झाला. त्यांनी पंच्याण्णवच्या आसपास चित्रपट आणि सव्वीस लघुपट काढले असे सांगतात. एवढी मोठी कामगिरी करूनही अखेरची वर्षे त्यांना ओढगस्तीत काढावी लागली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे देहावसान झाले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वश्रेष्ठ पुरस्कार देते.

त्या काळची फिल्म फार चटकन पेट घेई आणि नीट न जपल्यास तिची भुकटी होई. म्हणून मूकपटांच्या काळातील बहुतेक फिती नष्ट झाल्या आहेत. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेव्हा तेथील लोकांनी फाळक्यांच्या फितींचे जे तुकडे हाती लागले ते शोधून, स्वच्छ करून ठेवले. चित्रपट कसा तयार होतो हे लोकांना दाखविण्यासाठी फाळक्यांनी स्वतःच्या कारखान्याचेही एक चित्र काढले होते. त्याचा काही भाग शिल्लक आहे. त्यात नट तालीम करताना दिसतात, माणसे आपापल्या कामात गढलेली दिसतात. आणि फितीचा तुकडा उजेडासमोर धरून, त्यातील एकेक चौकट निरखीत बसलेले फाळके दिसतात.